गिर्यारोहक नानांचं आत्मचरित्र, दुसरी आवृत्ती: कोणती बत्तीस पानं उडवू?

अक्षरजुळणी (चिपळूण)

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या नानांनी पदरचे पैसे घालून छापलेलं आत्मचरित्र इथल्या बऱ्याच जणांनी वाचलंय, म्हणून इथेच विचारते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना वर्कशॉपात फिटर होते आणि सुट्टी मिळाली की दोर घेऊन घाटात. लिंगाणा, तैलबैला, खंडाळ्याची नागफणी, जीवधनचा वानरलिंगी, सगळी चढाई 1980च्या दशकातली. पुस्तकाचं टायपिंग आणि पानं लावणं माझ्याकडे होतं. छापलं 2019 मध्ये. काही प्रती वाटल्या, काही विकल्या, उरलेल्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. 22 जुलै 2021ला वाशिष्ठी नदी घरात आली आणि त्यांचा लगदा झाला. आता नाना दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात. कागदाचे भाव बघता 240 पानं झेपणार नाहीत. दोन फर्मे, म्हणजे बत्तीस पानं, कमी करायचीत.

गाववाले म्हणतात, दोराचं आणि मेखांचं (कातळाच्या फटीत ठोकतात त्या लोखंडी खिळ्यांचं) काढ. आमच्या सासूबाई तर, "आईच्या आजारपणाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच पुढच्या पानावर हा ठोकाठोकी करतोय!" म्हणून पुस्तक मिटून बसल्या. मुंबई-पुण्याचे चढणारे नेमकं उलटं सांगतात: आईचं आटपा, चढाई वाढवा.

माझं मत आधीच सांगून टाकते. मेख ठोकण्याचं पान मी हलवू देणार नाही. मेख फटीत नीट बसत गेली की हातोडीच्या प्रत्येक घावाला आवाज वरच्या पट्टीत चढत जातो. चढायचा थांबला, बद्द वाजायला लागला, की आतला दगड पोकळ; काढायची आणि दुसरी फट शोधायची. नाना गाडीचं इंजिन बॉनेट न उघडता ओळखत, तो कान या पानात आहे. बाकी काय कापू ते तुम्ही सांगा. भीड नको, नाना मोबाइल वापरत नाहीत.

सुळकेवाला

पान 196पासून शेवटापर्यंत काय आहे बघा. शाल, श्रीफळ, नगराध्यक्षांच्या हस्ते, तालुक्याचं भूषण, शुभेच्छापत्रं, आणि हाराआडून नाना दिसत नाहीत असे फोटो. बत्तीस पानं तिथेच सुटली. एक फोटो ठेवा, नाना खूश.

दोराची पानं कापायची नाहीत, उलट एका जागी मला वाढवून हवीत. लिंगाण्यावर नाना पडतात तो प्रसंग. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. कठीण काळा कातळ, मध्ये कुठे कुठे तांबड्या मऊ मातकट दगडाचा पट्टा, वर पुन्हा कातळ. त्या तांबड्या पट्ट्यात मेख धरत नाही, हाताची पकडसुद्धा हातात येते. नानांनी पट्ट्याच्या खाली, कठीण दगडात, हाताने भोक पाडून बोल्ट मारला आणि दोर त्यात अडकवला. मग पट्ट्यावरून वर गेले. बोल्ट पायाखाली बारा फूट राहिला आणि खोबण निसटली.

आता हिशोब करा. बोल्टच्या वर बारा फूट म्हणजे पडणार त्याच्या दुप्पट, चोवीस, शिवाय दोर ताणला जाईल तो वेगळा. दोर धरणाऱ्यापासून नानांपर्यंत चाळीस फूट दोर बाहेर होता असं तेच लिहितात. चोवीस भागिले चाळीस, 0.6. बसणारा झटका या भागाकारावर ठरतो, नुसत्या फुटांवर नाही. बोल्ट नसता तर चाळीसचे ऐंशी फूट झाले असते आणि भागाकार थेट दोनवर. त्याच्या पुढे आकडा जात नाही, कारण माणूस दोराच्या दुपटीपेक्षा जास्त पडूच शकत नाही.

नाना या सगळ्याला सव्वा पान देतात आणि शेवटी लिहितात, "दोर ताणला गेला आणि मी वाचलो." अहो नाना, दोर आपोआप ताणला जात नाही! त्या काळी कमरेमागून दोर फिरवून धरायचे. चोवीस फुटांची पड तशी झेलली तर तळहात सोलून निघतात. खाली कोण होतं? सबंध पुस्तकात त्याला नाव नाही. "साथीदार", एवढंच.

कडेकपारी (आंजर्ले)

मी चढत नाही, पक्षी बघते. माझी तक्रार वेगळी आहे.

पान 112वर कड्यातल्या गिधाडांच्या घरट्याशेजारून चढल्याचं मोठ्या रंगात लिहिलंय. महिना मात्र लिहिलेला नाही. लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीत हिवाळ्यात अंडी घालतात, आणि चढाईचा मोसम नेमका तोच. कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ खालूनच दिसतात, ते बघून वाट बदलायची. आज कुणी पोरगं ते पान वाचून तेच करायला जाईल. 1980 साली गिधाडं इतकी होती की कुणाच्या मनातही आलं नसेल, ते मी समजू शकते. पुढे गुरांना देत त्या डायक्लोफेनॅक नावाच्या वेदनाशामकाने, तसली मेलेली गुरं खाऊन, होत्याचं नव्हतं झालं, 2006मध्ये त्यावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. पान कापू नका. महिना घाला, आणि तेव्हा तिथे किती दिसायची ते नानांना आठवेल तसं लिहायला सांगा. असली आठवण असलेली माणसं आता फार उरली नाहीत.

आग्या मोहोळाचं प्रकरण मात्र झकास. दोरावर लोंबकळत, तोंडाला टॉवेल, हात सोडता येत नाहीत. हसून हसून पुरेवाट.

पोफळीखाली (गुहागर)

सुळकेवाला, हाराच्या फोटोंबद्दल शंभर टक्के.

मला पहिलं प्रकरण फार घाईत उरकल्यासारखं वाटलं. नाना लहानपणी चिरेखाणीत चढायला शिकले म्हणतात. जांभा कापून काढल्यावर उभ्या भिंती राहतात, त्यावर अवजारांच्या आडव्या रेघा, त्यात पायाची बोटं रुतवून. हे कोकणातल्या पोरालाच सुचणार. आणि त्याच पानावर दोन ओळींत येऊन जातं की वडील सुपारी काढायला जायचे. दोन ओळी! सुपारी काढणारा पायात फास अडकवून एका पोफळीवर चढतो, ती झुलवतो आणि वरच्या वर दुसरी पकडतो. खाली न उतरता आगराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. ना दोर, ना बोल्ट, ना सत्कार. मुलगा लिंगाण्यावर गेला त्याची 200 पानं आणि बाप रोज जायचा त्याच्या दोन ओळी, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

स्पष्टवक्ता

स्वतः छापलेल्या पुस्तकांचा एकच रोग, लेखकाला "नाही" म्हणणारं कोणी नसतं. एकच किस्सा 57 आणि 141 या दोन्ही पानांवर. उंची एकदा फुटात, एकदा मीटरमध्ये. सगळे कडे "गगनचुंबी". हे आधी निस्तरा, पाचसहा पानं आपोआप जातील.

चढाईतलं मला ओ की ठो कळत नाही. पण दोर धरणाऱ्याचं नाव नाही हे मलाही खटकलं. जीव ज्याच्या हातात होता त्याचा पत्ता नाही आणि फीत कापणाऱ्यांची नावं हुद्द्यांसकट!

अक्षरजुळणी (चिपळूण)

सगळ्यांचे आभार. तुमचं सगळं कागदावर उतरवून नानांना वाचून दाखवलं. सत्कारांवर पहिल्यांदा घुश्श्यात होते, चहा झाल्यावर दोन फोटोंवर तडजोड झाली. गिधाडांचा महिना जानेवारी. तेव्हाची संख्या विचारली तर म्हणाले, "मोजायची असतात हे कुणाला ठाऊक होतं?" तेच वाक्य घालणार आहे.

दोर धरणाऱ्याचं विचारलं तर उठून मागीलदारी गेले. मी आपली बसून राहिले. आले ते भडाभडा बोलत. दोघांचं भांडण बोल्टवरून. मेख मागून येणारा काढून घेतो, कातळ जवळजवळ होता तसा राहतो. बोल्टचं भोक कायमचं. मित्राचं म्हणणं, जिथे मेख बसत नाही तिथून परत फिरायचं, डोंगर काय आपल्या मालकीचा आहे? नाना म्हणत, परत फिरायचं तर घरीच बसावं. लिंगाण्याच्या त्या बोल्टवरून आदल्या रात्री गुहेत कडाक्याचं वाजलं होतं. सकाळी तोच माणूस खाली कमरेला दोर घेऊन उभा. झेललं त्यानेच. पुढे महिनाभर त्याला हाताने जेवता येत नव्हतं. आणि बरा झाल्यावर म्हणाला, "तरी बोल्ट मारायला नको होता." त्यानंतर दोघं एका दोरावर कधी गेले नाहीत, आणि नानांनी रागाने पुस्तकातून त्याचं नावच काढलं.

मी सरळ सांगितलं, हे नसेल तर दुसरी आवृत्ती मी लावणार नाही, दुसरी बघा. काल रेघी वहीत सहा पानं लिहून आणून दिली. वाचली. त्यात नानांचं म्हणणं साडेपाच पानं आणि मित्राचं अर्धं. परत पाठवलीत. शिवाय नाव घालायला त्या माणसाची परवानगी हवी. तो खेडला असतो, फोन नानांनीच करायचाय, आणि नाना आज उद्या करतायत. वडिलांच्या पोफळींचं मात्र लगेच कबूल केलं.

ग्रंथपाल_निवृत्त

छान चाललंय. दोन व्यवहाराच्या गोष्टी. इतका बदल होतोय म्हणजे ही नुसती पुनर्मुद्रित नाही, सुधारित आवृत्ती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नवा घ्या. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, पैसे पडत नाहीत. आणि 1954च्या कायद्याने छापलेली प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. स्वतः छापणारे हटकून विसरतात. पुरात आपल्याकडचं सगळं गेलं तरी एक प्रत तिथे राहील.

बांधणी डिंकाची करू नका. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत पानं सुटतात. फर्मे शिवून घ्या.

अक्षरजुळणी (चिपळूण)

शिलाईचा भाव उद्या विचारते. स्पष्टवक्ता, "गगनचुंबी" शोधून काढले, एकोणीस निघाले. एक ठेवू का? नाना फार हट्ट करतायत.

स्पष्टवक्ता

नाही.