नाशिकचा हिरा की कोहिनूर: आधी मागायचे काय?

मांडवीकाठ (पणजी)

गेल्या महिन्यात आमच्या वाचक मंडळाच्या बैठकीत कोहिनूरचा विषय निघाला आणि तो लंडनहून परत आणलाच पाहिजे, यावर पाच मिनिटांत एकमत झाले. मी नाशिकच्या हिऱ्याचे नाव काढले, तेव्हा मात्र चौदा जणांपैकी दोघांनाच तो ठाऊक होता. मराठी वाचणाऱ्यांच्या मंडळात ही स्थिती असावी, याचे मनापासून वाईट वाटले, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवालयात होता, असे परंपरा सांगते. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर युद्धाची लूट म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. लंडनच्या सराफांनी त्याचा त्रिकोणी घाट शक्य तितका राखून नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो साधारण ८० कॅरटचा उरला. १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने विकत घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० साली अमेरिकेतील जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापून आयताकृती केला, आणि वजन ४३.३८ कॅरटवर आले.

कोहिनूर ब्रिटिश राजमुकुटाच्या रत्नांत आहे आणि तो सोडण्यास तेथील सरकारांनी वारंवार नकार दिला आहे. नाशिकचा हिरा मात्र खासगी हातांत फिरत आला असून १९७० साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा उघड लिलावही झाला होता. जी वस्तू बाजारात येऊ शकते, ती विकत घेता येते. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने घेतलीच. म्हणून माझे मत असे की, कोहिनूरचा घोष करण्यापूर्वी आपण या हिऱ्यावर नजर ठेवावी आणि तो विक्रीस आला तर सरकारने घ्यावा.

जुनी तोड (म्हापसा)

मांडवीकाठ बाब, आपली कळकळ समजते, परंतु मी सहमत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांचे सोनारकाम आहे, त्यामुळे हिऱ्याकडे मी त्याच्या तोडीवरून, म्हणजे पैलू कसे पाडले आहेत त्यावरून, पाहतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आजीच्या हिऱ्याच्या कुड्या घेऊन आल्या होत्या. खडे जुन्या तोडीचे, माथा उंच, आणि तळाचे टोक सपाट घासलेले असल्यामुळे वरून पाहिले की मधोमध बारीक गोल ठिपका दिसे. तो ठिपका काढून खडे आजच्यासारखे चमकवून द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते काम घेतले नाही, कारण तो ठिपका हीच त्या कारागिराची सही होती, आणि ती पुसल्यावर आजीच्या कुड्या म्हणण्याजोगे त्यांत काही उरले नसते.

नाशिकच्या हिऱ्याचे नेमके हेच झाले आहे. त्र्यंबकेश्वरी ज्या खड्यावर दिव्याचा उजेड पडत होता, त्याचे अर्ध्याहून अधिक वजन आणि सगळा घाट चाकावर भुकटी होऊन गेला. जे उरले ते १९४० सालच्या अमेरिकेचे कसब आहे. कोहिनूरचीही कथा निराळी नाही: १८५२ साली लंडनमध्ये ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांनी वाफेच्या यंत्रावर ३८ दिवस काम केले आणि १८६ कॅरटचा खडा १०५.६ कॅरटवर आणला. अशा खड्यासाठी जनतेचा पैसा घालू नये.

रुआ दिरैता (जुने गोवे)

आपण गोव्यात बसून बोलतो आहोत, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही. गोवळकोंड्याच्या खाणींतले पुष्कळ हिरे युरोपला गेले ते आपल्याच बंदरातून, रीतसर खरेदी होऊन. जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर जवाहिऱ्यांची दुकाने होती, आणि फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निये सतराव्या शतकात येथे येऊन गेला. पणजीच्या बागेला ज्यांचे नाव आहे, त्या गार्सिया द ओर्ता यांनी तर १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात हिऱ्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. हिरा विषारी असतो, ही समजूत त्यांनी खोडून काढली, कारण खाणीतली माणसे चोरून हिरे गिळतात आणि त्यांना काहीही होत नाही.

टॅव्हर्नियेने नेलेला निळा खडा चौदाव्या लुईने विकत घेतला, १७९२ च्या धामधुमीत तो पॅरिसमधून चोरीस गेला, आणि आज ४५.५२ कॅरटचा होप हिरा म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची निळाई त्यातल्या बोरॉनच्या अंशामुळे आहे. अतिनील किरणांखाली धरून अंधार केला, तर तो काही क्षण निखाऱ्यासारखा लाल दिसतो. त्यावर आपण हक्क सांगत नाही, ते योग्यच आहे. विक्री आणि लूट यांत भेद केला नाही, तर आपल्या खऱ्या मागणीचे बळ जाते. नाशिकचा हिरा लुटीतला आहे, म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

साखळीचा वाचक (डिचोली)

आपलीच वस्तू पैसे मोजून परत घ्यावी, हे मला मुळीच पटत नाही. एकदा दाम मोजला की लूट वैध झाली. शिवाय विकत घेऊन आपण काय करतो, तेही पाहा. निजामाच्या जवाहिरांसाठी भारत सरकारने १९९५ साली सुमारे २१८ कोटी रुपये दिले. त्यांत १८४ कॅरटचा जेकब हिरा आहे, जो मीर उस्मान अली खान टेबलावर कागद दाबायला वापरत. ती जवाहिरे रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहेत. २०१९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती पाहायला मिळाली, पण अशा संधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. नाशिकचा हिरा आणून त्याच तिजोरीत ठेवायचा असेल, तर त्र्यंबकच्या माणसाला त्याचा काय लाभ?

मांडवीकाठ (पणजी)

डिचोलीकरांचा तिजोरीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. खरेदीची अटच अशी हवी की, हिरा नाशिक परिसरातील संग्रहालयात, लोकांना पाहता येईल असा राहील. दाम मोजल्याने लूट वैध ठरते, हे मात्र मानत नाही. ती लूट होती, हे खरेदीच्या कागदावर आणि संग्रहालयातील फलकावर स्वच्छ लिहावे.

शेट, तुमच्या कुड्यांचा दाखला मनाला लागला. तरी घाट गेला म्हणजे ओळख गेली, असे होत नाही. चौदाव्या लुईच्या निळ्या हिऱ्याचा शिशाचा साचा २००७ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात सापडला आणि होप हिरा त्याच खड्यातून कापला गेला, हे त्यावरून पक्के झाले. कोहिनूरच्या जुन्या रूपाचाही प्लास्टरचा साचा लंडनमध्ये आहे. नाशिकच्या हिऱ्याची ९० कॅरटची प्रतिकृती काचेत घडवून त्र्यंबकेश्वरी ठेवायची झाली, तर जुनी तोड हातात मुरलेला माणूसच लागेल. त्या कामात तुम्ही हात घालाल का, एवढे कळवा.