बिझनेस प्लॅन खरंच लागतो, की बँकेला दाखवायचे कागद?

घाणेवाला_सातारा:
लाकडी घाणा टाकून दीड वर्ष झालं. मुद्रा कर्ज योजनेच्या किशोर गटातून (५० हजारांच्या वर ते ५ लाख) साडेचार लाख घेतले, त्यासाठी एका सीएंनी ५ हजार घेऊन प्रोजेक्ट रिपोर्ट दिला. पाच वर्षांचं प्रोजेक्शन, विक्री दरवर्षी बरोब्बर १५ टक्के वाढणार, जसं काय दाण्याच्या भावानं सीएला विचारूनच वागायचं ठरवलंय. बँकेतल्या साहेबांनी डीएससीआर (कमाईतून हप्ता फिटेल का ते सांगणारा आकडा) बघितला नि फाईल मिटली. आमच्या आजोबांनी ४० वर्षं किराणा चालवला तो काय एक्सेलवर? सगळे कागदी घोडे.

वहीखातं:
रिपोर्ट बोगस होता म्हणून प्लॅनिंगच बोगस? आजोबांकडं उधारीची वही होती ना, कुणाचं किती आणि कधी येणार ते त्यांना पाठ असणार. तुम्हाला लिटरभर शेंगदाणा तेल केवढ्याला पडतं ते सांगा बघू.

घाणेवाला_सातारा:
त्यात काय! अडीच किलो दाणे १२० नं ३०० झाले, पेंडीचे ५५ परत येतात, म्हणजे २४५. दुकानदाराला ३४० ला देतो. ९५ सुटतात.

तासगावची_ताई:
कुठले सुटतात भाऊ. बाटली-लेबलचे १५, लाईट आणि पोराचा पगार धरून ३५, राहिले ४५, त्यातून हप्ता. आणि ते ४५ तरी हातात कधी येतात? माझं मसाल्याचं युनिट आहे, मी पण नफ्याचाच हिशेब करत बसायचे आणि १० तारखेला खात्यात खडखडाट.

घाणेवाला_सातारा:
दुकानदार ५०-६० दिवस लावतात, खरंय.

तासगावची_ताई:
मग बघा, खरीपाचा दाणा दिवाळीच्या आसपास येतो, भाव उतरतो, माल भरायची वेळ तीच. आणि नेमके तेव्हाच तुमचे पैसे फराळाच्या तेलात अडकलेले. रिपोर्टमधे वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, किती दिवसांचं धरलंय?

घाणेवाला_सातारा:
एक महिन्याचं 😐 मागच्या नोव्हेंबरला बायकोची पाटली ठेवून दाणे भरले. पण आधी लिहून ठेवलं असतं तर काय पैसे आकाशातून पडले असते?

वहीखातं:
नसते पडले, पण मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिट (लागेल तसं काढायचं, आले की भरायचं, असं मर्यादेतलं कर्ज) मागता आलं असतं. आता नडल्यावर बँक दारात उभं करत नाही. शिवाय उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, करार नसेल तर १५.

घाणेवाला_सातारा:
कायदा दाखवला की दुसऱ्या दिवशी फळीवर दुसऱ्याच्या बाटल्या. तुम्ही धंदा करता का नोकरी?

मिसळ_कट्टा:
मी घाणेवाल्यांच्या बाजूनं. ११ वर्षं गाडा चालवतोय, प्लॅन नाही काही नाही, रात्री गल्ला मोजायचा, सकाळच्या मटकी-फरसाणचे बाजूला काढायचे, उरलं ते आपलं.

तासगावची_ताई:
दादा, तुमचं गिऱ्हाईक हात धुवायच्या आधी पैसे देतं. आमचं दोन महिन्यांनी, ते पण चार फोन केल्यावर. भाऊ, पाच वर्षांचं सोडा, पुढचे चार महिने वहीत मांडा. वर येणारे, खाली जाणारे, बास.

घाणेवाला_सातारा:
मांडलं. ऑक्टोबरला ८० हजार कमी पडतायत. आणि पाटली अजून सोडवायचीये.