मदत हवी आहे: ३२ जीबी रॅममधले २४ शेअर्ड बफर्सना दिले, तरी पोस्टग्रेस अडकतं

नाशिकला सातपूरच्या ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरवर कांदा आडतीचा हिशेब चालतो. पोस्टग्रेसचा (पोस्टग्रेएसक्यूएल) डेटाबेस ६० जीबी. रॅम पडूनच आहे म्हणून शेअर्ड बफर्स (डेटाची पानं ठेवायला पोस्टग्रेसची स्वतःची रॅम) २४ जीबी केले. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव सुरू झाले की शंभरेक कनेक्शन येतात आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरायला लागतो. मेमरी जाते कुठे?

प्रतिसाद १
वर्क मेम (क्वेरीतल्या एका कामाला मिळणारी मेमरी) किती ठेवलाय? तो कनेक्शनमागे एकदा नसतो, प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे वेगळा लागू शकतो. ६४ एमबी असेल तर शंभर जणांनी एकेक मोठा सॉर्ट लावला की सव्वासहा जीबी गेले. तुमच्याकडे उरलेत आठ.

दुसरी गोम पेज कॅशची (लिनक्स वाचलेल्या फाइल्स रॅममध्ये ठेवतं ती, आडतीची कॅश नव्हे). पोस्टग्रेस डिस्कवरून थेट उचलत नाही. ८ केबीचं पान आधी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये येतं, तिथून त्याची कॉपी शेअर्ड बफर्समध्ये. एकच पान दोन ठिकाणी रॅम अडवतं. आणि कर्नल पेज कॅश गरजेला सोडून देतो, शेअर्ड बफर्स तसे सोडता येत नाहीत. फार तर स्वॅपमध्ये ढकलता येतात. तेच चाललंय.

धागाकर्ता
६४च आहे! पण मायएसक्यूएल डेटाबेसला रॅमच्या ७०-८० टक्के द्या म्हणतात ना?

प्रतिसाद २
ते इनोडीबीचं (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन). फ्लश मेथड ओ-डायरेक्ट असली की ते डेटा फाइल्ससाठी पेज कॅशला वळसा घालतं, दुहेरी साठा होत नाही. तो आकडा इथे चिकटवू नका. पोस्टग्रेसचं मॅन्युअल २५ टक्क्यांनी सुरुवात करा म्हणतं, ४०च्या पुढे सहसा फायदा नाही.

शेअर्ड बफर्स ८ जीबी, वर्क मेम १६ एमबी, इफेक्टिव्ह कॅश साइज २२ जीबी करून बघा. शेवटचा घाबरवतो, पण तो एक बाइटही घेत नाही, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) नुसता अंदाज देतो. शेअर्ड बफर्स बदलायला रीलोड पुरत नाही, सर्व्हिस रीस्टार्ट करा. अख्खी मशीन रीबूट नको, पेज कॅशही जाईल आणि सकाळचे पहिले रिपोर्ट रांगतील.

प्रतिसाद १
तपासताना एक चकवा: एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) बफर्स लावल्यावर दिसणारा 'रीड' म्हणजे डिस्कच असं नाही, पान पेज कॅशमधूनही आलेलं असतं. ट्रॅक आयओ टायमिंग (वाचायला लागलेला वेळ मोजणारी सेटिंग) ऑन करा. पानामागे दोन-चार मायक्रोसेकंद म्हणजे कॅश, शंभराच्या पुढे गेलं तर डिस्क.

धागाकर्ता
लिलाव नसलेल्या दिवशी रीस्टार्ट मारतो, आकडे इथेच टाकतो.