मदत हवी आहे: एअर फ्रायरमधल्या बटाट्याचे फोटो
अर्धा किलो बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, कोरड्या पुसून, एक मोठा चमचा तेल चोळून 180 अंशांवर 15 मिनिटं, मग 200 वर 4 मिनिटं. रंग छान येतो, पण फोटो जमवेपर्यंत फोडी मऊ पडतात. बशीत वाफ कोंडते, म्हणून जाळीवर काढते; तरी फार फरक नाही. फोडी थोड्या कच्च्या काढून फोटोआधी पुन्हा तापवाव्यात का?

दुसरं, खिडकीचा उजेड निळसर आणि दिवा पिवळा, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनची कॅमेऱ्याची सेटिंग) कुठलाच जुळत नाही. दिवा बंद केला की शटर 1/15 सेकंदावर येतो, म्हणजे जास्त वेळ उघडा राहतो, आणि फोटो हलतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवायचा नाहीये, फोटोत कुरकुरीत कडांवर दाणे दिसतात. मोबाइलसाठी ट्रायपॉड आणि 2 सेकंदांचा टायमर पुरेल, की खिडकीचा उजेड परतवायला समोरून पांढरा पुठ्ठाही लावावा?