विषय: स्मरणिकेचं काम अडलंय, वर्ड सारखं गोठतंय

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची ६४ पानं शुक्रवारी छापायला द्यायची आहेत, आणि माझं वर्ड उघडायलाच चार मिनिटं घेतंय. मजकूर पेस्ट केला की पडदा पांढरा होतो आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. आजींच्या आठवणींचा लेख काल निम्मा तपासून झाला होता, तो तसाच गेला. वर्ड काढून पुन्हा टाकलं, काही फरक नाही. आता लॅपटॉप फॉरमॅट करावा का? विंडोज आहे.

– स्मरणिका समिती

———

अगं, फॉरमॅट मुळीच करू नकोस! वर्ड पुन्हा टाकून फरक पडला नाही याचं मला नवल वाटत नाही. तुझी टेम्प्लेट्स (फाइलींचे तयार साचे) आणि बरीचशी ॲड-इन्स (वर्डला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम) वर्डच्या बाहेर, तुझ्या युजर फोल्डरमध्ये असतात. वर्ड गेलं तरी ती तिथेच राहतात आणि नव्या वर्डला पुन्हा चिकटतात.

आधी कंट्रोलचं बटण दाबून धरून वर्ड उघड. सेफ मोडमध्ये उघडू का असं विचारेल, हो म्हण. त्यात ॲड-इन्स चालू होत नाहीत. तिथेही रखडलं तर दोष ॲड-इनचा नाही. मग डीफॉल्ट प्रिंटर बदलून बघ, बंद पडलेला नेटवर्क प्रिंटरही वर्डला ताटकळत ठेवतो. पण सेफ मोडमध्ये सुरळीत चाललं, तर चोर घरातलाच, म्हणजे वर्डला जोडलेल्या या गोष्टींतलाच आहे.

मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली 'मॅनेज'मध्ये 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाब. यादीतल्या निम्म्या खुणा काढ ('रिमूव्ह' नको, नुसती खूण काढ), वर्ड बंद करून नेहमीसारखं उघड. ठीक चाललं तर दोषी त्या निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. आठ असतील तर तीन फेऱ्यांत सापडतं. खूण काढू देत नसेल तर ते ॲड-इन सगळ्या युजर्ससाठी टाकलेलं असणार. वर्ड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून काढ.

तिथे काहीच सापडलं नाही तर वर्डचा 'स्टार्टअप' फोल्डर बघ. पत्ता 'ॲपडेटा'तल्या (युजर फोल्डरमधलं लपलेलं फोल्डर) मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप असा. त्यातलं प्रत्येक टेम्प्लेट वर्ड दर वेळी आपोआप उचलतं. आपल्या मराठी लोकांकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणणारी मॅक्रो, म्हणजे वर्डमध्ये आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा, हमखास तिथेच असतात. माझा पहिला संशय त्यांच्यावर आहे. फाइल डेस्कटॉपवर हलव, पुसू नकोस.

शेवटचा उपाय म्हणजे 'नॉर्मल' टेम्प्लेटचं (कोऱ्या फाइलचा मूळ साचा) नाव बदलायचं. वर्ड नवं तयार करतं, पण तुझ्या स्टाइल्स आणि शॉर्टकट जुन्यात राहतात, म्हणून तेही पुसायचं नाही.

आणि आजींच्या लेखासाठी फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंटमध्ये 'रिकव्हर अनसेव्ह्ड' बघ. हे आज रात्रीच कर, त्या प्रती कायमच्या राहत नाहीत.

– काका

———

काका, सापडलं! सेफ मोडमध्ये लगेच उघडलं. कॉमच्या यादीत पाचच होती, त्यांत काही नाही. स्टार्टअपमध्ये मात्र २०११ सालची फॉन्ट बदलणारी फाइल निघाली, जुन्या लॅपटॉपवरून तशीच आलेली. ती हलवल्यावर वर्ड काही सेकंदांत उघडतं. पण इंदूरहून आलेले दोन लेख जुन्या फॉन्टमध्येच आहेत, त्यांना ती लागणार. मग काय करू?

आजींच्या लेखाची कालची प्रत मिळाली. शेवटचे दोन परिच्छेद सोडले तर सगळं आहे. ते मी त्यांना फोन करून पुन्हा विचारून घेते.

———

छान झालं! ती फाइल डेस्कटॉपवरच राहू दे. लागेल तेव्हा त्याच 'मॅनेज'मध्ये 'टेम्प्लेट्स' निवड, 'गो', मग 'ॲड' करून ती दाखव. वर्ड बंद होईपर्यंतच ती चालते, पुढच्या वेळी आपोआप येत नाही. ते दोन लेख वेगळ्या कोऱ्या फाइलमध्ये बदलून घे आणि मगच ६४ पानांत आण. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपास. एक लेख मला पाठव, मी आज रात्री वाचून देतो.