प्रति: पाळीवरची झाडं आणि पाझर

वर कुणीतरी म्हणलंय की बोटिंगच्या तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, झाडांनी घट्ट धरून ठेवलीय, तोडू नका. अहो उलटं आहे ते, गवत चांगलं पण बाभळी-लिंबाची मुळं आत जातात आणि झाड मेलं की मुळं कुजून पोकळ नळ्या राहतात, पाणी तिथूनच वाट काढतं. आपल्याकडं पाळीच्या गाभ्यात काळी माती अन् वरून मुरूम असतो, मातीच्या धरणातून थोडा पाझर चालणारच, त्याला घाबरायचं नाही. बघायचं काय तर पाण्याचा रंग. परवा पायथ्याला गेलतो, काचेच्या बाटलीत पाणी भरून तासभर ठेवलं तर तळाला बोटभर गाळ! म्हणजे भराव आतून वाहून चाललाय.

आणि सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, जाळी कुणी ठोकली? म्हणे मासे जातात. पूर आला, जाळीत काडीकचरा अडकला की पाणी पाळीवरून, आणि मातीचं धरण वरून वाहिलं की संपलंच. २०१९ ला कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांनी पोखरलं म्हणून त्यांच्यावर ढकललं होतं, आपल्याकडं मासे आहेतच 😄

मी फोटोसकट अर्ज दिलाय, पोच अजून नाही.