दहावीचं बक्षीस की नववीची फी?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे यंदा मुंबईतल्या गरजू मुलांना द्यायचे ठरले आहेत. माझी सूचना : दहावीला ८५ टक्क्यांच्या वर असणाऱ्यांना बक्षीस. तिकडे २०२५ चा राज्याचा निकाल ९४.१० टक्के. आपल्या इथे अमेरिकेत २०१८-१९ ला हायस्कूल वेळेत पूर्ण करणारे ८६ टक्के, गरीब घरांतले तर ८०. म्हणजे मुंबई पुढेच की!

– खजिनदार

*

खजिनदारसाहेब,

‘पुढेच’ वाचून हसू आलं. छेद बघा हो. तुमच्याकडे नववीत आलेली मुलं धरतात आणि चार वर्षांनी त्यातली किती डिप्लोमा घेऊन बाहेर पडली ते मोजतात. मधेच घरी बसलेला पोरगाही छेदात राहतो. आमचे ९४.१० हे परीक्षेला बसलेल्यांतले. जो बसलाच नाही, तो नापासही नाही.

लालबागच्या रात्रशाळेत मी १९ वर्षं नववीला गणित शिकवलं. जूनमध्ये कॅटलॉगवर ४४ नावं. दिवाळीनंतर लाल रेघा सुरू. एक जण कॅन्टीनमधून यायचा, बोटांना चटणीचा वास, साडेआठला पेंगायला लागायचा. जानेवारीत त्याचा मालक बदलला, सुटी नऊला व्हायला लागली. संपलं. पोरगा हुशार होता, समीकरणं तोंडी सोडवायचा.

दिवसाच्या एका शाळेतली तऱ्हा तर और. तिथे कच्च्या मुलाच्या आईला बोलावून सांगायचे, ‘दाखला काढा, १७ नंबरचा फॉर्म भरा.’ मूल बाहेरून बसलं की शाळेचा निकाल शंभर टक्के, फाटकावर बॅनर. शिवाय महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीलाच संपतात. शिक्षण हक्क कायद्याची हमीही १४ वर्षांपर्यंतच. ऐन नववीत पोराने नवी शाळा शोधायची आणि आईबापाने फी.

८५ वाल्यांचं कौतुक सोसायटीपासून नगरसेवकापर्यंत सगळे करतात. पैसे नववीला द्या. फी, रेल्वेचा पास, आणि संध्याकाळी दोन तास बसायला जागा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि टीव्ही असताना भूमिती होत नाही.

– बाई, लालबाग

*

बाई, पटलं. पण कमिटीला वार्षिक अंकात समारंभाचा फोटो लागतो. नववीच्या फीचा फोटो काय काढणार?

– खजिनदार

*

वर्गाचा काढते. जूनमध्ये एक, एप्रिलमध्ये एक. डोकी कमिटीने मोजावीत.

आणि हो, पैसे थेट शाळेच्या खात्यात टाकू नका. परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आमच्या संस्थेची नाही. नोंदणी असलेली दुसरी संस्था बघावी लागेल. सोमवारी चौकशी करून कळवते.

– बाई